तेरा दिवसांचा फरक

"सण? कसला सण, लेकरा?" एवलाम्पिया माईंनी गादी कठड्यावर टाकली आणि तिच्यावर काठीचा असा दणका दिला की धुळीचा लोट अनास्तासच्या कोटावर आला. "सण असता तर मी गाद्या बडवत बसले असते होय?"

अनास्तास ग्रुदेव मठाच्या अंगणात गुलाबी मिठाईचा डबा छातीशी धरून उभा होता. सकाळी सोफियाहून बस, मग दुसरी बस, मग तासभर चढण. वय बासष्ट. वाटेत प्रत्येक वळणावर त्याने मनाशी घोकलं होतं, की अंगणात मोठ्या कढया चढलेल्या असतील, कोकराचं सूप उकळत असेल, गावातली उरलीसुरली म्हातारी माणसं वाडगे घेऊन रांगेत असतील, आणि मग आपण माईंच्या हातात डबा देऊन सांगू. इथे तर दोन जोगिणी भिंतीला चुना लावत होत्या आणि मांजर झोपलं होतं.

"माई, आज एकवीस मे. संत कॉन्स्टँटिन आणि एलेना. सगळ्या देशात घंटा वाजतायत."

"त्यांच्या वाजत असतील. आमच्या अजून तेरा दिवसांनी."

"तेरा दिवसांनी?"

"मग? जुन्या पंचांगानं तेरा दिवसांनीच येतो की."

अनास्तासला वाटलं, सत्त्याऐंशी वर्षांची बाई, चुकत असेल. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो माई, ते जुनं झालं. अडुसष्ट साली सगळ्या चर्चनी नवं पंचांग घेतलं. सगळे सण तेरा दिवस अलीकडे आले."

"घेतलं ना! बिशपसाहेबांचं पत्र आलं, आम्ही वाचलं, कपाळाला लावलं आणि कपाटात ठेवून दिलं." माई दात नसलेल्या तोंडाने हसल्या. "थोरल्या माई म्हणाल्या, संतांना न विचारता त्यांचे दिवस हलवणारे आपण कोण? झालं. तेव्हापासून इथं सगळं जुन्यानंच चालतं."

"कुणी तपासायला नाही आलं?"

"यायचा ना एक. कम्युनिस्ट पार्टीचा तपासनीस, वर्षातून एकदा, घामाघूम होऊन. वह्या उघडून बघायचा. म्हणून तर आम्ही तारखा लिहायच्या सोडल्या. नुसतं सणाचं नाव. नाव बघून त्या बिचाऱ्याला काय कळणार, सण जुना का नवा? सूप प्यायचा, शिक्का मारायचा, जायचा."

अनास्तास एक पाऊल पुढे आला. "तलावाच्या वहीतसुद्धा?"

"आता तलावासाठी काय वेगळे संत आणायचे?"

तो मागे सरकला आणि विहिरीच्या काठावर मटकन बसला. माईंनी काठी खाली टाकली. "अरे, अरे! तोंड बघ कसं पांढरंफटक पडलंय. पाणी देऊ? आणि डबा कसला आणलास एवढा?"

"मला पारितोषिक मिळालंय, माई," अनास्तास म्हणाला. "तुमच्या वहीवरून."

"अगबाई! मग असा काय बसलास, मयताला आल्यासारखा?"

ती वही म्हणजे खरंतर आठ वह्या. मठाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक तलाव आहे. वर्षातले सात महिने गोठलेला. त्याचा बर्फ फुटल्याशिवाय मठात बटाटे लावायचे नाहीत, असा नियम कुण्या शहाण्या जोगिणीने घालून दिला होता, आणि बर्फ कधी फुटला ते घंटाघरातून पाहून दरवर्षी जवळच्या सणाच्या नावाने लिहून ठेवलं जायचं, अमुक सणानंतर इतक्या दिवसांनी असं. एकोणीसशे एकतीसपासून एकोणनव्वदपर्यंत. पुढे माईंचे गुडघे गेले, घंटाघर चढणारं कुणी उरलं नाही, आणि वह्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन पडल्या. तिथे त्या नेव्यानाला सापडल्या.

नेव्याना पेय्चेवा ही अनास्तासची सोफियाच्या हवामान संस्थेतली सहकारी. छत्तीस वर्षांची, आठ वर्षं हंगामी नेमणुकीवर, दर डिसेंबरात पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही या काळजीत. तिने धुळीत बसून पानन् पान टिपलं. अनास्तासने सणांच्या तारखा केल्या: सदुसष्टपर्यंतचे सण जुन्या पंचांगाने, अडुसष्टपासूनचे नव्या. आलेख काढला, आणि दोघंही बघतच राहिले. अडुसष्ट साली रेघ पायरीवरून उतरावी तशी धाडकन खाली आली होती. बर्फ एकाएकी दोन आठवडे लवकर फुटायला लागला होता.

असं का, याचं उत्तरही डोळ्यांसमोर धूर ओकत उभं होतं. खालच्या खोऱ्यात ब्रानिकचं कोळशाचं वीजकेंद्र सदुसष्टच्या शेवटी पेटलं होतं. चिमणीची काजळी बर्फावर बसली, काळा बर्फ ऊन जास्त पितो, लवकर वितळतो. कसं चपखल बसलं! आता तलावाचा बर्फ खरोखरच मेच्या तिसऱ्या आठवड्यात फुटतो, त्यामुळे जुन्या आकड्यांवर कुणाला संशय यायचंही कारण नव्हतं.

दोघांचा लेख ज्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला, त्याच्या दोन निनावी परीक्षकांपैकी एकाने मात्र विचारलं होतं, ही पायरी एवढी सरळसोट कशी? निसर्ग एका वर्षात असा वागतो का? अनास्तासला त्या प्रश्नाचा राग आला होता. त्याने दोन पानी उत्तर लिहिलं, काजळीवर, इतकं सुंदर, की परीक्षक गप्प झाला. बसमधून परतताना त्याला ते उत्तर ओळीन् ओळ आठवत होतं आणि प्रत्येक ओळीची लाज वाटत होती. लेख आपण लिहायचा, दुसऱ्यांनी फुकट तपासायचा, छापायचे पैसेही आपणच भरायचे, अशी ही तऱ्हा. पण त्या सगळ्या कारभारात एका अनोळखी माणसाने प्रामाणिकपणे बोट बरोबर जागी ठेवलं होतं, आणि आपण त्याला शब्दांखाली गाडलं.

त्याहून दुसरी आठवण जास्त टोचत होती. लेख पाठवायच्या आदल्या दिवशी नेव्याना म्हणाली होती, "सर, एकदा मठात जाऊन विचारू का? तारखा अडुसष्टपासूनच का बंद झाल्या?" आणि तो हसून म्हणाला होता, "अगं, अडुसष्टला पंचांग बदललं ते शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. नवी लिहिणारी आळशी असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संगणकापुढे बसली, अडुसष्टनंतरचे सगळे ठिपके तेरा दिवस वर सरकवले. पायरी गेली. एकतीसपासून एकोणनव्वदपर्यंत एक रेघ, जेमतेम उतरती, साठ वर्षांत अडीच-तीन दिवस.

"किती छान रेघ आहे," नेव्याना म्हणाली. "काहीच झालेलं नाही."

"झालंय, पण नंतर. नव्वदनंतर. आपण जिथं दाखवलं तिथं नाही."

"म्हणजे काजळी..."

"काजळीचा तलावाशी काही संबंध नाही."

बाहेर ट्राम गेली. मग नेव्याना खुर्ची फिरवून म्हणाली, "सर, माझी मुलाखत अठरा जूनला आहे."

कायमची जागा. आठ वर्षांत पहिल्यांदा निघालेली. तिच्या अर्जात हा लेख पहिला होता, आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांकडे कुणी बघणार नव्हतं.

"मला माहीत आहे," अनास्तास म्हणाला.

"एक महिना. जास्त नाही मागत. इतकी वर्षं त्या बायका गप्प बसल्या, तुम्हाला एक महिना गप्प बसवत नाही?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही तीन वर्षांनी पेन्शनीत जाल. मी कुठं जाऊ?"

पत्नी गेल्यापासून गेली सहा वर्षं रोज दुपारी हीच मुलगी आपल्या डब्यातली अर्धी भाजी त्याच्या पुढ्यात ठेवत आली होती. तो म्हणाला, "बघतो," आणि खोलीतून पळ काढला. हो, पळच.

संस्थेचा संचालक ल्युदमिल हा त्याचा कॉलेजातला मित्र. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, कॉफी ओतली.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ल्युदमिल म्हणाला. "तुला कुणी विचारलं? कुणी नाही. मठात गेलास कशाला?"

"मिठाई द्यायला."

"पोस्टानं पाठवायची!" तो टेबलावर वाकला. "हे बघ, अनास्तास. आज बर्फ लवकर फुटतो का? फुटतो. कोळसा वाईट आहे का? आहे. ब्रानिकची चिमणी कधीतरी बंद व्हायला हवी का? हवी. मग लेखात खोटं काय आहे?"

"लेख खोटा आहे."

"निष्कर्ष खरा आहे की!"

"आपला निष्कर्ष नाहीये तो. दुसऱ्या कुणाचा तरी खरा निष्कर्ष आहे, आणि आपण वाटेत पडलेली वस्तू उचलावी तसा उचललाय."

"वा! भाषण पाठ करून आलास की काय?" ल्युदमिल चिडला. "मग हेही ऐक. तू तोंड उघडलंस ना, की ते चिमणीवाले रस्त्यावर नाचतील. पुढची दहा वर्षं आपल्यातल्या कुणीही थर्मामीटर दाखवला, की म्हणतील, काय हो, हा जुन्या पंचांगाचा का नव्या? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबा. पारितोषिक घे, फोटो काढ. शरदात एक छोटीशी दुरुस्ती छापू, आतल्या पानात. नेव्यानाचंही होऊन जाईल तोवर."

वाईट हे होतं, की ल्युदमिलचं नाचण्याबद्दलचं बोलणं अगदी खरं होतं. अनास्तास त्या रात्री झोपला नाही असं मी म्हणणार नाही. झोपला, थकला होता. पण सकाळी उठल्यावर दाढी करता करता त्याला कळलं, की शरदापर्यंत आपण थांबू आणि शरदात आणखी काही कारण सापडेल. असे कितीतरी थांबलेले त्याने पाहिले होते. पारितोषिकांच्या समित्यांवर तो स्वतः बसला होता, आणि भिंतीवर टांगलेल्या काही प्रशस्तिपत्रकांमागे काय आहे ते त्या समितीतल्या सगळ्यांना ठाऊक असायचं.

चोवीस मे. अक्षरांचा सण, देशाच्या लिपीचा उत्सव, शाळांच्या मिरवणुका, फुलांच्या माळा, बँड. संध्याकाळी पारितोषिक देणाऱ्या प्रतिष्ठानच्या सभागृहात समारंभ होता. मंत्रिमहोदय आधी बोलले. चांगलं बोलले. म्हणाले, प्राध्यापक ग्रुदेवांच्या तलावाने आपल्याला सांगितलं आहे की कोळशाने काय केलं; पुढच्या आठवड्यात ब्रानिकचं केंद्र बंद करण्याच्या कागदावर मी सही करीन तेव्हा हा लेख माझ्यासमोर असेल. टाळ्या झाल्या. ब्रानिकमध्ये नऊशे माणसं कामाला होती.

दुसऱ्या रांगेत नेव्याना बसली होती. निळा पोशाख, बहुधा बहिणीचा, खांद्यावर जरा सैल. ती त्याच्याकडे बघत नव्हती, हातातल्या पत्रिकेकडे बघत होती.

अनास्तास व्यासपीठावर गेला. काचेचा तो डोंगराच्या आकाराचा ठोकळा त्याच्या हातात आला, तो त्याने टेबलावर ठेवला. महिनाभर थांबावं, हे वाक्य अजून त्याच्या मनात होतं. सही पुढच्या आठवड्यात म्हणाले ना हे? मग महिना कुठून आणायचा?

"मला हे घेता येणार नाही," तो म्हणाला. "लेख चुकीचा आहे."

मग त्याने पंचांगाचं सांगितलं. जोगिणींचं, तपासनिसाचं, तेरा दिवसांचं. कुणीतरी हसलं, गोष्ट हसण्यासारखी होतीच. "कोळशाचं केंद्र बंद करायला चांगली कारणं आहेत, ती माझ्या सहकाऱ्यांनी मांडलेली आहेत. हे त्यांतलं नाही. आणि चूक माझी एकट्याची. डॉक्टर पेय्चेवांनी मला सांगितलं होतं, मठात जाऊन विचारू. मी त्यांना जाऊ दिलं नाही." इथे त्याला नेव्यानाकडे बघायचं होतं. त्याने बघितलंही. खुर्ची रिकामी होती.

पुढचं जे झालं ते ल्युदमिलने सांगितलं होतं तसंच झालं, किंबहुना जास्त. ब्रानिकच्या चौकात फलक लागले: तेरा दिवसांची थाप. एका वाहिनीवर एका आमदाराने जुनी आणि नवी अशी दोन कॅलेंडरं फाडून दाखवली आणि म्हणाला, हेच यांचं विज्ञान. ज्या बाजूच्यांना अनास्तास आपला समजत होता, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. एका जुन्या मित्राने तर तोंडावर विचारलं, "किती दिले रे कोळशावाल्यांनी?" मंत्र्यांनी सही केली नाही, पण भाषणातलं तलावाचं वाक्य गाळून बाकीचं भाषण ते करत राहिले. चिमणी आजही चालू आहे. दोन्ही बाजूंना अनास्तासची गरज संपली.

अठरा जूनला नेव्यानाची मुलाखत सात मिनिटं चालली. समितीने यादीतला पहिला लेख खोडला आणि दुसरा काय आहे ते विचारलं. जागा दुसऱ्याला गेली. डिसेंबरची वाट न बघता तिने टेबल आवरलं, कुंडी चौकीदाराला दिली, आणि अनास्तास दवाखान्यात गेलेला असताना निघून गेली. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

नियतकालिकाला त्याने पंचवीस मेलाच पत्र लिहिलं होतं: लेख मागे घ्या, आणि सोबत हे वाक्य छापा, की चूक संपूर्णपणे पहिल्या लेखकाची असून दुसऱ्या लेखिकेने त्या चुकीबद्दल वेळीच सावध केलं होतं. जूनमध्ये उत्तर आलं, पत्र मिळालं. जुलैत दुसरं आलं, तेव्हा त्याने घाईघाईने उघडलं. ते यंत्राने पाठवलेलं होतं: अभिनंदन, आपला लेख या वर्षीच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखांत आहे. सप्टेंबरात त्याने पुन्हा लिहिलं. ऑक्टोबरात पुन्हा. नोव्हेंबरच्या मध्यावर सूचना छापून आली. दोन ओळी. 'माहितीतील गंभीर त्रुटींमुळे लेखकांनी हा लेख मागे घेतला आहे.' लेखाच्या प्रत्येक पानावर आडवे लाल शब्द, मागे घेतलेला, आणि त्यांच्याखाली दोन नावं. ग्रुदेव. पेय्चेवा.

त्याच्या वाक्याबद्दल संपादकांनी कळवलं होतं, की अशा सूचनांचा मजकूर ठरलेला असतो आणि त्यात वैयक्तिक निवेदन बसत नाही.

हे नेव्यानाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून तो पेर्निकला गेला. ती तिथे एका शाळेत भूगोल शिकवत होती. मधल्या सुट्टीत ती वर्गाच्या दाराशी आली. बोटांना खडू होता. केस कापलेले होते. त्याने कागद पुढे केला. तिने उभ्याउभ्या वाचला, मग संपादकांचं पत्र वाचलं.

"'लेखकांनी'," ती म्हणाली. "अनेकवचन."

"मी तीन वेळा लिहिलं त्यांना, नेव्याना. मी अजून लिहीन."

"नका लिहू. यंत्र उत्तर देईल." कागदाची घडी घालून तिने तो त्याला परत दिला. "आई रोज विचारते, तुझा प्राध्यापक खरं बोलला ना, मग तुला कसली शिक्षा? काय सांगू तिला?"

"माझं चुकलं. तुझं ऐकायला हवं होतं मी."

"ते चुकलंच तुमचं." तिचे डोळे भरले, तिने ते मनगटाने पुसले, गालावर खडू लागला. "पण व्यासपीठावर बोललात ते बरोबर केलंत. मी असते ना, तर महिनाभर थांबले असते, जागा घेतली असती, आणि मग जन्मात बोलले नसते. मला ठाऊक आहे ते. तुम्हालाही ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही थांबला नाहीत."

"नाही गं, तसं..."

"तसंच. आणि त्याचाच राग येतो मला. लेखाचा नाही येत." घंटा वाजली. पोरं तिला ढकलत वर्गात घुसायला लागली. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तब्येत सांभाळा सर. गोळ्या वेळेवर घ्या. आणि पुन्हा येऊ नका."

दार बंद झालं. आत बाकं सरकल्याचा आवाज आला आणि मग तिचा आवाज, नद्यांबद्दल काहीतरी. अनास्तास तिथेच राहिला. अर्धा तास असेल, कदाचित जास्त. पुढच्या तासाला खालचे वर्ग सुटायला लागले, जिन्यात आया-आजोबांची गर्दी झाली, कुणी दप्तर घेत होतं, कुणी टोपी घालत होतं. शाळेच्या शिपाईबाईला हा भिंतीशी उभा असलेला म्हातारा दिसला. ती जवळ आली आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं, विचारलं, "आजोबा, तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

"कुणाला नाही," अनास्तास म्हणाला, आणि मुलांना वाट मिळावी म्हणून भिंतीला आणखी टेकून उभा राहिला.